दूरच्या दीर्घिकेचा वेग कोणत्या वाटेने मोजायचा?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वेगांची बेरीज अभ्यासक्रमाबाहेर जाऊन शिकवली, की कोणीतरी हमखास विचारते, "सर, काही दीर्घिका प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दूर जात आहेत म्हणतात, मग आइन्स्टाईनचा नियम मोडला काय?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे खरे उत्तर थेट व्यापक सापेक्षतेच्या गाभ्याशी नेते.

1905 च्या विशेष सापेक्षतेनुसार प्रकाशवेगाच्या 0.75 पट असे दोन वेग एकाच दिशेने मिळवले, तर बेरीज 1.5 पट न होता 0.96 पट होते. मात्र हे सूत्र सपाट अवकाशकालातले (अवकाश आणि काळ मिळून बनलेल्या रचनेतले) आहे, आणि तिथे एका ठिकाणचा वेग-सदिश (वेगाचे मूल्य आणि दिशा दाखवणारा बाण) दिशा न बदलता दुसऱ्या ठिकाणी नेता येतो हे आपण नकळत गृहीत धरलेले असते. 1915 च्या व्यापक सापेक्षतेतील, गुरुत्वाकर्षणामुळे वक्र झालेल्या अवकाशकालात नेमके तेच गृहीतक टिकत नाही.

वर्गात मी पृथ्वीगोल आणि तुराटीचा लहान तुकडा वापरतो. नागपूरजवळून जाणारे 79 पूर्व रेखावृत्त विषुववृत्ताला जिथे छेदते, तिथे तुकडा उत्तरेकडे रोखून ठेवायचा आणि तो न फिरवता विषुववृत्तावरून 169 पूर्व रेखावृत्तापर्यंत सरकवायचा. तिथेही तो उत्तरेकडेच रोखलेला राहतो. आता तोच तुकडा उत्तर ध्रुवावरून त्याच जागी आणला, तर तो पूर्वेकडे रोखलेला दिसतो. वाटेत त्याला कोणीही वळवलेले नसते. दोन वाटांमधला 90 अंशांचा फरक केवळ गोलाच्या वक्रतेतून आलेला असतो. विद्यार्थ्यांनी हे स्वतःच्या हाताने करून पाहावे असा माझा आग्रह असतो, कारण नुसते सांगून ते पटत नाही.

अवकाशकालातही असे घडते, हे मोजले गेले आहे. 2004 मध्ये सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहातील जायरोस्कोपांचे (वेगाने फिरत आपल्या अक्षाची दिशा टिकवून धरणाऱ्या गोलांचे) अक्ष पृथ्वीभोवती फिरताना वर्षाला सुमारे 6.6 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) इतके वळत होते, आणि हा आकडा सिद्धांताच्या भाकिताशी जुळला.

म्हणून दूरच्या दीर्घिकेचा 'आपल्या सापेक्ष वेग' किती, या प्रश्नाला वाट सांगितल्याशिवाय अर्थच येत नाही. जिची ताम्रसृती (प्रकाशाची तरंगलांबी वाढून तो लाल रंगाकडे सरकण्याचे प्रमाण) 3 आहे, अशी दीर्घिका घेऊ. तिचे आजचे अंतर ज्या दराने वाढते तो दर प्रकाशवेगाच्या सुमारे दीडपट आहे. परंतु तो विश्वाच्या प्रसरणातून येणारा अंतरवाढीचा दर आहे, 1905 च्या सूत्रात घालण्याजोगा वेग नव्हे. उलट तिचा वेग-सदिश तिच्याकडून आलेल्या प्रकाशाच्याच वाटेने समांतर ठेवत आपल्यापर्यंत आणला, तर सापेक्ष वेग प्रकाशवेगाच्या 0.88 पट निघतो. ताम्रसृतीकडे अशा प्रकारे डॉप्लर परिणाम (उगम दूर जात असल्याने तरंगलांबी वाढलेली दिसणे) म्हणून पाहण्याची मांडणी जयंत नारळीकर यांनी 1994 च्या एका शोधनिबंधात केली होती. या वाटेने काढलेला वेग, दीर्घिका कितीही दूर असली तरी, प्रकाशवेगाच्या आतच राहतो. मला ही मांडणी विशेष आवडते, कारण निवडलेली वाट ही निरीक्षण ज्या मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचले तीच असते.

दोन वस्तू एकाच ठिकाणी, एकाच क्षणी एकमेकींजवळून जात असतील, तर मात्र वाटेचा प्रश्नच उरत नाही आणि 1905 चे सूत्र जसेच्या तसे लागू पडते, मग तिथे गुरुत्वाकर्षण कितीही प्रबळ असो.