तुम्ही विचारलंत म्हणून: किती जणांना?

नेपाळहून परत येऊन तीस वर्षं उलटली, तरी ओळख निघाली की हा प्रश्न येतोच. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणी विचारतं, "सिस्टर, तिकडे किती आत्मे प्रभूकडे आणलेत?" आणि आमच्या गल्लीत कुणी आवाज खाली आणून विचारतं, "खरं सांगा, किती जणांना बाटवलंत?" शब्द वेगळे, पण दोघांनाही आकडाच हवा असतो. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. परवा नातवाने विचारलं आणि त्यालाही मी चहा प्यायला पाठवलं, तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं. म्हणून लिहिते आहे.

आकडा शून्य आहे. माझ्या हातून एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. हे सांगितलं की गल्लीतल्यांना खरं वाटत नाही आणि मंडळीतली माणसं गप्प होतात. ती गप्प होतात ते मला जास्त लागतं, कारण दर महिन्याला आमच्यासाठी वर्गणी काढणारी हीच माणसं होती.

१९८४ साली आम्ही नेपाळच्या डोंगरातल्या तानसेनला, तिथल्या मिशनच्या हॉस्पिटलात कामाला गेलो. मी मिरजेत शिकलेली नर्स, हे हॉस्पिटलच्या भांडारात हिशेब बघायला, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सीमा, मग बुटवलहून वर चढत जाणारी बस. "नेपाळ म्हणजे काय परदेश?" असंही लोक म्हणतात. लिपी आपलीच, हे खरं. पण मुलगी पहिल्या आठवड्यात शाळेतून रडत आली, कारण बाई म्हणाल्या होत्या, इथे तुला चांगली शिक्षा मिळेल. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला कसं कळणार! आणि १९८९ साली भारताने व्यापाराचा करार संपल्यावर सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली, रॉकेलसाठी रांगा लागल्या, तेव्हा त्या रांगेत उभं राहून आम्ही कुठले आहोत हे सांगायची हिंमत मला झाली नाही. परदेशच होता तो.

तिथल्या कामाची सुरुवात कशी झाली तेही सांगते, कारण "बाटवायला गेलात" म्हणणाऱ्यांना ते माहीत नसतं. १९४९ साली काही अमेरिकन माणसं पक्ष्यांच्या अभ्यासासाठी काली गंडकीच्या खोऱ्यात गेली होती. नंतरच्या एका हिवाळ्यात ती डॉक्टरांना घेऊन तानसेनला आली, तर औषधासाठी माणसांची रीघ लागली. त्यातून १९५४ साली दवाखाना उभा राहिला, तोही सरकारच्या परवानगीने. धर्मप्रसार करायचा नाही, ही सरकारशी असलेल्या करारातली अट. देशाचा कायदा तर त्याहून कडक होता. धर्म बदलणाऱ्याला एक वर्ष, दुसऱ्याचा धर्म बदलवणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत तुरुंग. १९६० च्या सुमाराला तानसेनमध्येच बाप्तिस्मा घेणारे आणि देणारा पाळक तुरुंगात गेले होते. पाळक नेपाळी होता, घेणारेही नेपाळी. आम्हा बाहेरच्यांना फार तर देशातून काढलं असतं. भोगायचं त्यांनी, हे आम्ही रोज डोळ्यांसमोर ठेवायचो.

आता ती रात्र. १९८७ चा श्रावण. दोन दिवस डोंगर उतरून-चढून एका पोरीला डोकोत घालून आणली. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, कपाळावरच्या पट्ट्याने पेलायची. वीस वर्षांचीही नसेल. मूल आडवं, त्याचा एक हात बाहेर आलेला, निळा पडलेला. गावातल्या बाईने तो ओढूनही पाहिला होता. गर्भाशय फाटलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा मूल गेलेलंच होतं. रक्त हवं होतं. नवरा घाबरून मागे सरला. रक्त दिलं की माणूस कायमचा दुबळा होतो, असं तिकडे बरेच जण मानायचे. रात्री अकरा वाजता ह्यांना उठवून आणलं, त्यांचा गट जुळला. हे बाटली देऊन बाकावर बसले आणि मी तिच्याजवळ.

पहाटेपर्यंत नाडी माझ्या बोटांखाली होती. जाणवायची, हरवायची, पुन्हा जाणवायची. मी ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होते. मराठीत. लहानपणी आईने शिकवलेलीच, वेगळं काही सुचतही नव्हतं. पलीकडे जमिनीवर तिची सासू उकिडवी बसली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती हे मला कळलंच नाही.

"कसको नाम लिनुभएको, बहिनी?" तिने विचारलं. कुणाचं नाव घेतेस? आणि मी काही बोलायच्या आत, "मलाई पनि सिकाउनुस् न." मलाही शिकव ना.

मी म्हणाले, "केही होइन, आमा." काही नाही, आई.

ती पुन्हा भिंतीला टेकली. चारच्या सुमाराला पोर गेली. उजाडल्यावर त्यांनी तिला काली गंडकीच्या काठावर नेलं.

मंडळीला पाठवायच्या पत्रात मी लिहिलं, की प्रसंग आला तरी अट मोडली नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. वडिलांना मात्र सगळं जसंच्या तसं कळवलं. ते पाळक होते, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. त्यांच्या उत्तरात घरची खुशाली होती आणि खाली एकच शब्द: पेत्र.

पेत्र म्हणजे येशूचा तो शिष्य, ज्याने येशूला धरून नेल्यावर "मी त्याला ओळखत नाही" असं सांगितलं. त्या शब्दाशी मी कित्येक वर्षं भांडले. पेत्राला स्वतःचा जीव वाचवायचा होता, मला नाही. वॉर्डात आया होत्या, शिपाई होते, त्यांतले काही गुपचूप प्रार्थनेला जाणारे. कुणी तक्रार केली असती तर त्यांची घरं बसली असती, दवाखाना बंद पडला असता, आणि त्या डोंगरात पुढचा दवाखाना किती दिवसांच्या वाटेवर होता ते मला माहीत होतं. शिवाय जिची सून मरते आहे अशा बाईला त्या वेळी देव शिकवायचा, ही तर तिच्या दुःखाची चोरी झाली असती. आजही मला हे पटतं.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी यातलं मला काहीच आठवलं नव्हतं. करार नाही, आया नाहीत. मी फक्त दचकले, आणि तोंडातून खोटं गेलं. कारणं मी नंतर जमवली. एका सहकारी बाईंनी पुढे सांगितलं, की कुणी आपणहून विचारलं तर स्वतःपुरतं उत्तर देणं म्हणजे प्रसार नव्हे, असं तिथले जुने लोक मानत. मग "मी माझ्या देवाचं नाव घेते" एवढं सांगायला काय हरकत होती? तिने धर्म मागितला नव्हता. धरायला काहीतरी मागितलं होतं, आणि माझ्याजवळ ते होतं.

आणखी एक सांगून टाकते. सुट्टीवर यायच्या आधी मी काली गंडकीवरच्या रिडीच्या घाटावरून एक शाळिग्राम आणला होता, शेजारच्या काकूंनी मागितला म्हणून. ते मंडळीत कुणाला सांगितलं नाही. काकूंना त्यांच्या देवाची वस्तू आनंदाने दिली आणि त्या म्हातारीला माझ्या देवाचं नावही दिलं नाही, हे मनात आलं की अजून रात्रीची झोप जाते. बाटवलंत का, असं विचारणाऱ्यांत त्या काकूंची सूनही आहे. तिच्यावर माझा राग नाही, पण तिने हेही ऐकावं.

१९९० साली तिथे राज्यपद्धती बदलली, धर्माच्या खटल्यांत अडकलेली माणसं सुटली. तेव्हा वाटलं, आता सांगता येईल. पण कुणाला? आणि ती म्हातारी तर त्याआधीच एकदा येऊन गेली होती.

१९८८ च्या कार्तिकात. मुलाने दुसरं लग्न केलं होतं. नव्या सुनेला सातवा महिना लागला होता आणि म्हातारी तिला चालवत, वाटेत मुक्काम करत, वेळेत घेऊन आली होती. मी पोट तपासलं, मूल सरळ होतं. बाळंतपणाला कधी यायचं, कुठे राहायचं, सगळं समजावलं. तिने दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. निघताना कमरेच्या पटक्यातून चार संत्री काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "त्या रात्री जे म्हणत होतीस, ते हिच्यासाठी पण म्हण."

मी मान हलवली. खाटा सगळ्या भरलेल्या होत्या, शिपाई दारात उभा होता. ती सुनेचा हात धरून बाहेर गेल्यावर म्हटलं, मनातल्या मनात.