एल-एम्पातचा भात

सकाळचे सहा. मच्छरदाणीत अर्धवट जाग आली ती लाउडस्पीकरच्या खरखरीनं आणि पाठोपाठ चक्क गायत्री मंत्र. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच, त्यामुळं दोन सेकंद कळेचना की आपण आहोत कुठं. आणि मंत्र संपतोय न संपतोय तोच टेकडीमागून डंपर रिव्हर्स घेताना वाजतो ना, तो टूं टूं आवाज. तेव्हा मात्र खात्रीच पटली की मी चंद्रपूरलाच घरी झोपलोय आणि शेजाऱ्यांकडं काहीतरी पूजा आहे.

तर नाही. मी होतो बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या पूर्व कालिमांतान प्रांतात, कुताई कार्तानेगारा जिल्ह्यातल्या केर्ता बुआना नावाच्या गावात. ऑफिसच्या कामानं बालिकपापनला आलो होतो, मधे सुट्ट्या जोडून आल्या, आणि ऑफिसातली एक बाली मुलगी म्हणाली की चला माझं गाव बघायला. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली, बीच, सूर्यास्त वगैरे. ती म्हणाली, अहो बाली नाही, माझं गाव इथंच आहे, कोळशाच्या खाणीजवळ. आता कोळशाची खाण बघायला समुद्र ओलांडून यायचं, हे चंद्रपूरच्या माणसाच्या नशिबीच असावं. गेलो.

बालिकपापनहून समारिंदाला जायला आता टोल रोड आहे, ९९ किलोमीटरचा, कालिमांतानमधला पहिलाच, त्याचा पहिला भाग २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाला. मस्त रस्ता. समारिंदात महाकाम नदी लागते आणि पुलावर पोचलो की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे पाण्यावरून हळूहळू सरकणारे काळे डोंगर. हे तोंगकांग, म्हणजे बार्ज. तीनशे फूट लांबीच्या एका तोंगकांगवर सात-आठ हजार टन कोळसा मावतो आणि पुढं एवढासा टगबोट त्याला दोरानं ओढत असतो, बैलपोळ्याला लहान पोरगं मोठा बैल ओढत नेतं ना तसं. खाली मुआरा बेराऊला समुद्रात मोठी जहाजं उभी असतात, त्यांच्यात भरून कोळसा बाहेर. बाहेर म्हणजे मुख्यतः चीन आणि आपण. मुंबईत ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रातसुद्धा इंडोनेशियाचाच कोळसा जळतो, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि तो असा समोरून जाताना बघणं वेगळं.

नदी ओलांडून तासाभरात गाव आलं. तालुक्याचं नाव तेंगारोंग सबरांग, सबरांग म्हणजे पैलतीर. वाटेत एके ठिकाणी झेंडा घेतलेल्या माणसानं गाडी थांबवली कारण खाणीचा रस्ता आडवा जातो, त्याला सगळे 'हाउलिंग' म्हणतात. आधी डंपर जाणार, मग तुम्ही. रेल्वे फाटकासारखं. पाच गाड्या गेल्या आणि आमची पांढरी गाडी करडी झाली.

गावाचं नाव भारी आहे. बुआना म्हणजे आपलं भुवन, आणि केर्ता म्हणजे सुखासमाधानाचं. पण हे नाव कोणी वापरत नाही. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, सगळ्यांना 'एल-एम्पात' सांगायचं, म्हणजे एल-चार. सरकारनं जंगल तोडून वस्त्या वसवल्या तेव्हा नकाशावर नंबर टाकले होते आणि तोच नंबर चाळीस वर्षं चिकटून बसला. प्रकल्पग्रस्तांच्या गावांना आपल्याकडं असेच नंबर पडतात की.

घरी मुलीचे वडील दारात उभे. त्यांना पाक म्हणायचं, बापाकचं छोटं रूप, वडीलधाऱ्या कुठल्याही पुरुषाला. (व्हॉट्सॅपवर घरी 'पाकच्या घरी राहतोय' असं टाकल्यावर काय काय रिप्लाय आले ते इथं लिहीत नाही.) नाव विचारू नका, कारण बाली लोकांत पहिलं मूल वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं कतुत, पाचव्याला परत पहिल्यापासून, त्यामुळं रस्त्यात 'वायान' म्हणून हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघेल. मी हात जोडले, त्यांनीही जोडले आणि म्हणाले 'ओम स्वस्तिअस्तु'. मी नुसता नमस्कार म्हणालो आणि जरा ओशाळलो.

घराला दगडी कोरीव दरवाजा, आत कोपऱ्यात घरचं देऊळ, दारापुढं केळीच्या पानाच्या इवल्याशा द्रोणात फुलं, चिमूटभर भात, उदबत्ती. रोज सकाळी नवा. अंगणात कोंबड्या त्यातला भात खाऊन टाकतात आणि कोणी हाकलत नाही. या सगळ्याच्या मागं, भिंतीच्या वर, एक सपाट माथ्याची मोठी टेकडी. झाडं तुरळक. बघताक्षणी ओळखली. मी बोट करून विचारलं, ओबी? पाक दचकलेच. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरची माती उकरून टाकलेला ढीग. आमच्याकडंही लहान पोरापासून सगळे ओबीच म्हणतात. पाकना इंग्रजी येत नाही, मला इंडोनेशियन येत नाही, मधे मुलगी भाषांतर करणार, आणि आमच्या दोघांचा पहिला सामाईक शब्द निघाला तो हा. त्यानंतर आमची गट्टी जमली.

संध्याकाळी चहा घेत त्यांनी सगळं सांगितलं. १९८० च्या सुमारास बालीहून आणि लोम्बोकहून कुटुंबं आणली गेली, त्या योजनेला त्रान्समिग्रासी म्हणतात. जावा-बालीत माणसं जास्त आणि जमीन कमी, बाहेरच्या बेटांवर जमीन भरपूर, मग न्या उचलून, असा हिशोब. डचांनी तो १९०५ मध्ये सुरू केला आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात लाखो लोक हलवले. प्रत्येक कुटुंबाला साधारण दोन हेक्टर, त्यात पाव हेक्टर घराचं आणि बाकी शेतीचं. ज्या जमिनीवर आपला हक्क सांगणारे कुताई आणि दायाक लोक आधीपासून होते त्यांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मी विचारला. पाक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

त्यांना आठवतं ते असं की घरं लाकडी फळ्यांची होती, आजूबाजूला अर्धवट जळालेले ओंडके, आणि पहिल्या वर्षी सरकार 'जादुप' द्यायचं. जादुप म्हणजे जगण्यापुरतं रेशन, तांदूळ, खारे मासे, रॉकेल. खाऱ्या माशांचा एवढा कंटाळा आला की अजूनही घरात आणू देत नाहीत, हे सांगताना बायको मागून हसत होती. मग ओंडके काढले, बांध घातले, पाटानं पाणी वाटून घ्यायची बालीची पद्धत, सुबाक म्हणतात तिला, ती इथं बसवली, आणि जंगलाचं खाचर झालं. आसपासचे लोक इथला तांदूळ घ्यायला यायचे म्हणे.

आणि खाली कोळसा. तो तर आधीपासूनच होता, नकाशावर कोणीतरी बघितलाही असणार, पण खरा धुमाकूळ २००१ नंतर. सुहार्तो गेले, अधिकार जिल्ह्यांकडं आले, आणि जिल्हाप्रमुखांना खाणीचे परवाने द्यायची मुभा मिळाली. या प्रांतात परवान्यांचा नुसता पाऊस पडला. २०२० च्या कायद्यानं ती पॉवर परत जकार्ताकडं गेली, पण तोवर खड्डे पडून गेले होते. २०२३ साली अख्ख्या देशानं ७७ कोटी टनांच्या वर कोळसा काढला, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा याच प्रांताचा.

आता इथं मला वाटलं की पाक आता कंपनीला शिव्या घालणार. नाही घातल्या. त्यांनी दीड हेक्टर स्वतः विकलं. एका शेजाऱ्यानं विकलं, मग दुसऱ्यानं, मग वरचं पाणी तुटलं, पावसात गाळ खाचरात यायला लागला, भात पिवळा पडायला लागला, मग राखून करायचं काय? त्या पैशातून मुलगी शिकली, दगडी दरवाजा झाला, आईचा दहनविधी थाटात झाला. आणि उरलेलं एक खाचर? मी म्हटलं, ते तुम्ही पूर्वजांसाठी ठेवलं असणार. ते हसले. म्हणाले, तेव्हा कोळशाचा भाव पडला, कंपनीनं दर निम्मा केला, म्हणून नाही दिलं. भाव परत चढला तेव्हा मलाच राग आला होता, म्हणून परत नाही दिलं. एवढंच.

मुलगा खाणीत एच-डी चालवतो. ते शंभर टनी डंपर, ज्याचं चाक माणसाहून उंच. त्या दिवशी घरीच होता कारण सकाळी पाऊस पडून गेला होता. इथं खाण पावसानं बंद पडली की त्याला 'स्लिपरी' म्हणतात, इंग्रजीच शब्द. 'आज स्लिपरी आहे' म्हणजे आज सुट्टी, आणि पगारातही कात्री, कारण फेऱ्यांवर बोनस. म्हणजे एकाच घरात बाप पावसाची वाट बघतो आणि पोरगा तो थांबायची. हे मी काही रचून सांगत नाहीये, दुपारी ओट्यावर दोघं शेजारी बसून आभाळाकडं बघत होते तेव्हा मुलगीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत गायत्री. दिवसातून तीनदा लागते, त्रिसंध्या म्हणतात. मशिदीतली अजानही जवळपास त्याच वेळची, कारण लोम्बोकचे ससाक लोक मुसलमान, जावावालेही बरेच. कोणाला काही वावगं वाटत नाही. आणि मग लांबवर सायरन. घरातली कामं आपसूक थांबली. सुनेनं गॅस बंद केला, आणि पाकच्या बायकोनं, सगळे त्यांना इबू म्हणतात, काचेच्या कपाटाजवळ जाऊन काचेवर तळहात ठेवला. दाबून नाही, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग जमिनीतून एक धक्का, पायाला आधी कळतो आणि कानाला नंतर. कपाटातले कप किणकिणले. काच नाही वाजली. इबूनं हात काढला, गॅस पेटला.

माझी आई भांड्यांच्या मांडणीला असाच हात लावायची. बरोब्बर दुपारी. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

भिंतींना तिरक्या चिरा आहेत, सिमेंटनं बुजवलेल्या, त्यावर परत चिरा. ब्लास्टिंगनं, म्हणजे खाणीतल्या सुरुंगांनी, पडल्या हे सिद्ध कोण करणार, बांधकामच कच्चं होतं असं उत्तर मिळतं. ओळखीचं उत्तर.

जेवणानंतर मुलगा मला 'व्हॉइड' दाखवायला घेऊन गेला. कोळसा काढून झाल्यावर उरतो तो खड्डा, पावसानं भरलेला. आणि खोटं कशाला बोलू, दिसायला सुंदर असतो, निळाहिरवा, काचेसारखा, कोणी फोटो टाकला तर तुम्ही लोकेशन विचाराल. रंग तसा आहे कारण मातीतलं गंधक हवापाण्याला लागून पाणी आंबट होतं, त्यात गाळ तरंगत राहात नाही. कडेला पाटी, 'दिलारांग बेरेनांग', पोहायला मनाई. पाटीच्या खाली वाळत घातलेली एक लहान मुलाची चड्डी. मी मुलाकडं बघितलं, त्यानं मान हलवली. पूर्व कालिमांतानात २०११ पासून अशा खड्ड्यांत चाळीसहून जास्त माणसं बुडाली, बहुतेक शाळकरी पोरं. नियमानं खाणीची कड वस्तीपासून निदान पाचशे मीटर लांब हवी. मी तिथून घरांचे पत्रे मोजू शकत होतो.

आणि तरी त्याच खड्ड्यात पंप लावलेला, निळा पाइप बांधावरून पाकच्या खाचरात जातो. पाटाचं पाणी तुटल्यावर दुसरं आहेच काय. अधूनमधून चुना टाकायचा, रोप पिवळं दिसलं की पाणी बंद, हा त्यांचा लॅब रिपोर्ट. पंपाच्या शेजारी दगडावर पानाचा द्रोण, फुलं, चिमूटभर भात. इबू रोज सकाळी तिथंही ठेवून येते. कशाला म्हणून विचारलं तर मुलगा म्हणाला, पाणी आहे ना तिथं.

रात्री त्याच खाचराचा भात जेवलो, सोबत लावार (भाजी-खोबऱ्याची बाली कोशिंबीर), सांबाल म्हणजे मिरचीची तिखट चटणी, आणि तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. भात थोडा जाडा, चिकट, आमच्या सिंदेवाही-मूलकडच्या तांदळाच्या जवळपासही नाही, हे मी तोंडावर बोललो नाही. दोनदा घेतला मात्र.

निघायच्या दिवशी पलीकडं तेंगारोंगला सुलतानाच्या जुन्या राजवाड्यातलं म्युझियम धावतपळत बघितलं. तिथं यूपांच्या प्रतिकृती आहेत, अस्सल जकार्ताला. यूप म्हणजे यज्ञाचा खांब, आपलाच शब्द. साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराचे हे शिलालेख, संस्कृतात, पल्लव लिपीत, इंडोनेशियातले सगळ्यात जुने. राजा मूलवर्मनानं ब्राह्मणांना वीस हजार गाई दान दिल्या असं एकावर कोरलंय. पाक सोबत आले होते. त्यांनी चष्मा लावून माहितीची पाटी वाचली, थोडा वेळ विचार केला आणि मुलीला काहीतरी म्हणाले. ती हसायलाच लागली. म्हटलं काय? म्हणाली, बाबा विचारतायत, वीस हजार गाई चरायला सोडल्या कुठं, एवढी जमीन कोणाची होती?

परतताना समारिंदाच्या पुलाजवळ ट्रॅफिक लागलं. मी खिडकीतून तोंगकांग मोजत बसलो, अकरापर्यंत आलो, तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली कारण त्याला नासी कुनिंग खायचा होता, हळदीचा पिवळा भात आणि वर तिखट मासा. मलाही भूक लागली होती. मांडीवर पाकनी दिलेली दोन किलो तांदळाची पिशवी होती, सुतळीनं करकचून बांधलेली, आणि तिच्यातून तूस अंगावर सांडत होतं.