वर्षाला एकच भरती

ढोरकीन मागे पडलं की पैठणच्या रस्त्यावर उजव्या हाताचं क्षितिज बदलतं. तोवर कपाशी, ऊस, मोसंबीच्या बागा आणि मध्येच बाभळी असतात. मग झाडांच्या शेंड्यांमागे एक फिकट निळी पट्टी दिसू लागते आणि पुढे बराच वेळ सोबत करते. नाथसागर. नकाशात ते जायकवाडीचं जलाशय आहे. पण काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसत नाही, आणि माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या माणसाला एवढं पुरतं.

मी लातूरची. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन आमच्या गावात आली, तेव्हा मांजरा धरण आटलं होतं. घरात घागरी, पिंपं, पातेली, जे असेल ते भरून ठेवलेलं असायचं. त्या उन्हाळ्यानंतर पाण्याकडे बघायची माझी नजरच बदलली. कॅमेरा हातात आल्यावर मी काय काढणार हे बहुधा तेव्हाच ठरलं असावं. पाणी जमिनीला जिथे टेकतं ती जागा मला काढायची होती.

कोकणात मी गेले आहे. हर्णै, गुहागर, सगळीकडचे फोटो काढले आणि ते मला आवडतातही. पण तिथे समुद्र निम्मी चौकट स्वतःच भरून देतो. खडक असतो, माड असतो, ओढून ठेवलेली होडी असते. नाथसागराचा काठ सपाट, काळ्या मातीचा. पाणी, आभाळ आणि मध्ये एक रेघ, एवढंच. चौकटीत पुढे काय ठेवायचं हे शोधण्यात सकाळ जाते. पाण्यात वाळून उभी राहिलेली बाभूळ, जाळ्याचे तरंगते डबे, चिखलात उमटलेले बगळ्यांचे पाय. त्या शोधात माणूस काठाकडे नीट बघायला लागतो. माझ्या मते, छायाचित्रकाराने शिकायला यावं असा हा किनारा आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, नाथसागराला वर्षातून एकदा. आणि या भरतीचा चंद्र मराठवाड्यात नाही, नाशिक आणि अहिल्यानगरच्या घाटमाथ्यावर आहे. तिकडे पाऊस झाला, गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं, नांदूर मधमेश्वरचा बंधारा ओलांडून गोदावरीतून खाली आलं की इकडे काठ सरकायला लागतो. आमच्याकडे ढग कोरडे जात असतानाही पाणी चढताना मी पाहिलंय. धरण पूर्ण भरलं तर जवळपास 350 चौरस किलोमीटरचा पसारा आणि 102 टीएमसीच्या वर पाणी. छत्रपती संभाजीनगर आणि जालना शहरं हेच पाणी पितात. डावा कालवा 208 किलोमीटर परभणीकडे जातो, उजवा 132 किलोमीटर माजलगावकडे. मग उन्हाळाभर पाणी उतरत राहतं. काही पिण्याला, काही शेतीला, आणि बरंच उन्हाने उडून.

म्हणून एकाच जागेवर वेगवेगळ्या महिन्यांत जात राहणं ही माझी पद्धत झाली. पिंपळवाडीच्या बाजूच्या काठावर एक उंचवटा आहे, तिथून सुरुवात करते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे या काठावरून दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर उगवताना डावीकडे आणि मावळताना उजवीकडे, दोन्ही वेळा प्रकाश पाण्यावरून येतो.

यंदा जानेवारीत पहाटे पोचले तेव्हा धुई इतकी दाट होती की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. ट्रायपॉड लावला, आयएसओ 100 वर ठेवला आणि वाट पाहू लागले. धुईतून आधी आवाज आले. पट्टकादंबांचा थवा पाण्यावर होता. मध्य आशियातून हिमालय ओलांडून ही हंसं इथे येतात आणि आसपासच्या शेतांत चरतात. त्यांचा घोगरा, एकमेकांना साद घालणारा कलकलाट चालू होता आणि समोर फक्त पांढरं होतं. मी बटण दाबलंच नाही. फोटोत आवाज येत नाही आणि त्या वेळी तिथे आवाजाखेरीज काही नव्हतं. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि ऐकत बसले. त्या सकाळचं माझ्याकडे सर्वांत चांगलं जे आहे, ते कार्डात नाही.

धुई विरली तेव्हा एक भोई दादा थर्माकोलच्या चप्पूवरून जाळं काढत काठाकडे आले. जाळ्यात दोन-चार रोहू, एक मरळ. माझा कॅमेरा पाहून म्हणाले, "ताई, काय काढायचं ते वारं सुटायच्या आत काढून घ्या. दहाच्या पुढं पाणी हलायलंच समजा." खरंच तसंच झालं. एवढ्या रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही, त्यामुळे लाटा उठतात. धरणाच्या मातीच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने दगडाचं पिचिंग केलंय ते त्यासाठीच.

लाटांबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. किनाऱ्याचे फोटो काढणारे बहुतेक जण प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून अर्धा मिनिट शटर उघडं ठेवतात, मग पाणी रेशमासारखं गुळगुळीत दिसतं. समुद्राच्या मोठ्या लाटेला ते शोभतं, कारण तिचा फेस मागे रेघा ठेवून जातो. नाथसागराची लाट आखूड, घाईची, मातकट असते. तीस सेकंदांत ती पुरती पुसली जाते आणि उरतं ते कुठल्याही तलावाचं पाणी. मी पाव सेकंदाच्या आसपास थांबते. लाट थोडी हलते पण तिचा काठ राहतो. ज्या पाण्याची इतकी वाट पाहिली जाते, त्याच्या अंगावरची हालचाल मला पुसावीशी वाटत नाही.

पण खरा नाथसागर मला मे महिन्यात भेटला. त्या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं. उंचवट्यावरून जिथे पाणी दिसायचं तिथून पुढे मी बराच वेळ चालत होते, पायाखाली आधी भेगाळलेला गाळ, मग गाळपेरीची शेतं. पाणी उतरलं की त्या ओल्या जमिनीत हरभरा, गहू, मग टरबूज, काकडी घेतात. कित्येक कुटुंबांची जमीन याच पाण्याखाली गेली आहे. 18 ऑक्टोबर 1965ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 24 फेब्रुवारी 1976ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. जायकवाडी नावाचं मूळ गाव बीड जिल्ह्यात, धरणाची जागा पुढे पैठणला आली आणि नाव तेच राहिलं. या सगळ्या तारखा मला पाठ होत्या. त्यांच्या खाली काय होतं ते त्या दिवशी दिसलं: घरांचे जोते, एका पायरीचा दगड, आणि गाळाने तोंडापर्यंत भरलेली विहीर, नुसता गोल कठडा वर.

मी कठड्याच्या बाजूने चौकट लावत होते तेव्हा काकडीच्या रानातून एक आजोबा आले. डोक्याला पटका, हातात विळा.

"काय काढायली माय? इथं काय हाय?"

"बाबा, काठ काढतेय. ही विहीरही."

"काढ की. आमच्या आजानं खांदलेली हाय."

ते कठड्यावर बसले. लहानपणी इथे मोट चालायची, बैल कुठून उतरायचे, चिंचेचं झाड कुठे होतं, ते हाताने दाखवत होते. दाखवलेल्या प्रत्येक जागी भेगाळलेला गाळ होता. त्यांचा फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाले, विहिरीचाच काढ. मला दोन काकड्या दिल्या. मग बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. ऊन उतरायची मी वाट पाहत होते, ते बहुधा माझ्या सोबतीला बसले होते. कठड्याची सावली लांबली तेव्हा मी फोटो घेतला. निघताना ते म्हणाले, "पाणी चढल्यावर बी ये. तवाचा बी फोटू काढ. दोन्ही पाह्यजेत मला."

भाद्रपदात गेले. धरण भरत आलं होतं आणि पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी होतं. विहिरीच्या दिशेला लेन्स वळवली. चौकटीत करडं पाणी आणि ढग, बाकी काहीच नाही. दोन्ही फोटो छापून त्यांच्या घरी नेऊन दिले. सूनबाईंनी ते शेजारी शेजारी ठेवले. बाबांनी दुसऱ्या फोटोवर थोडं डावीकडे बोट ठेवलं आणि मला सांगितलं, इहीर हितं हाय. मी घरी येऊन जुन्या फोटोशी ताडून पाहिलं. बोट बरोबर जागी होतं.

हा काठ पाहायला कुणी जाणार असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी चांगला. कायगावकडच्या बॅकवॉटरलाही जरूर जा, उथळ पाण्यात चमचे, चित्रबलाक आणि कधी रोहित (फ्लेमिंगो) मिळतात. हे सगळं 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे ड्रोन घरीच ठेवा. आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर फोटोसाठी उतरू नका. सुरय आणि टिटव्या तिथेच, जमिनीवर अंडी घालतात आणि ती मातीच्याच रंगाची असतात. कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही, हे भोई मंडळींना विचारा. त्यांना प्रत्येक बेट ठाऊक असतं.