सासू-सासऱ्यांना घेऊन फांग न्गा बे, माझा अनुभव

थायलंडमधल्या फुकेतची तिकिटं काढून झाली तरी आमच्या घरात बोटीवरून वाद चालूच होता. नवऱ्याला स्पीडबोट पाहिजे, पोरांना तर पाहिजेच पाहिजे, आणि मी म्हणतेय की अहो आईंचे गुडघे आणि बाबांची कंबर यांचाही विचार करा जरा. त्यात एका एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पॅकेज पाठवलं होतं, एका दिवसात सात बेटं, लंचसकट, फोटो सगळे फी फी चे आणि वर नाव फांग न्गाचं. ते मी तिथल्या तिथे बाद केलं. सात बेटं म्हणजे सात वेळा चढा-उतरा, कोणाच्या जिवावर?

हा फी फी आणि फांग न्गाचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून आधी सांगते. फी फी बेटं म्हणजे उघडा समुद्र, निळंशार पाणी, स्नॉर्केलिंगला एकदम मस्त, पण बोट उडते. माया बे तिकडेच आहे, तोच जो प्रवाळ वाचवायला 2018 ते 2022 बंद ठेवला होता आणि आता पण दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने बंद असतो. फांग न्गा बे वेगळा, तो फुकेत आणि मेनलँडच्या मधे शिरलेला उथळ उपसागर, बाजूने जमीन असल्यामुळे पाणी शांत. पाणी हिरवट, गढूळ, कारण कडेला सगळं खारफुटीचं जंगल आणि खाली चिखल. पोहायला जायचं असेल तर इथे जाऊ नका, निराश व्हाल. इथे बघायचे ते डोंगर, पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे कडे, आणि त्यांच्या पोटातल्या गुहा. सासरे भूगोलाचे रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांनी दोन व्हिडिओ बघितले आणि फी फी चा विषय संपला.

कागदपत्रांचं पटकन सांगते. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टला टुरिस्ट व्हिसा लागला नाही, पण हे नियम बदलत राहतात, तुम्ही बुकिंगच्या आधी बघून घ्या. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र मे 2025 पासून सगळ्यांनाच भरावं लागतं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करायची. प्रत्येकाचं वेगळं भरायचं, पोरांचं पण. आई-बाबांचं मी माझ्याच मोबाइलवरून भरलं, आईंनी बाजूला बसून "व्यवसाय काय लिहिलास गं माझा?" असं विचारलं, गृहिणी म्हटलं तर म्हणे रिटायर्ड लिही.

जानेवारीच्या शेवटी, 26 ला जोडून सुट्टी मिळाली होती. नाशिकहून रात्री गाडी केली, इगतपुरीला समृद्धीवर चढलं की आता कसारा घाट उतरायची कटकट नाही, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदाच आहे, पोरं झोपली ती आमण्यापर्यंत हलली नाहीत, पुढे भिवंडी-ठाण्याला जे व्हायचं ते झालंच. मुंबईहून फुकेतची डायरेक्ट फ्लाइट साडेचार तासांच्या आसपास, घड्याळ दीड तास पुढे.

आता मुद्दा बोटीचा. तिथे तीन प्रकार दिसतात. लाँगटेल म्हणजे लाकडी लांब होडी, मागे दांड्याला इंजिन, दिसायला भारी पण आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. स्पीडबोट पटकन नेते पण आपटते, पुढे बसलं तर जास्तच, आणि कंबर-मणक्याचा त्रास असणाऱ्यांना, गरोदर बायकांना ते लोक स्वतःच नको म्हणतात. तिसरी बिग बोट, दोन मजली, सावकाश जाते, वर छप्पर, बसायला टेबलं, आणि टॉयलेट! सत्तरीच्या माणसांना घेऊन दिवसभर पाण्यावर राहायचं तर टॉयलेट ही पहिली अट, बेटं नंतर मोजा. आम्ही बिग बोट घेतली, तीन ठिकाणं फक्त, दोन बेटांवर कयाक (वल्ह्याची छोटी होडी) आणि एक जेम्स बाँड आयलंड. नवरा दोन दिवस फुगून होता.

बुक करताना मी चॅटवर विचारून घेतलं की हॉटेलपासून नेणं-आणणं धरून आहे का, नॅशनल पार्कची फी (परदेशी मोठ्या माणसाला 300 बाट, लहानांना 150) धरून आहे की वेगळी, पोरांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि जेवणात व्हेज म्हणजे नक्की काय. बाट म्हणजे साधारण पावणेतीन-तीन रुपये धरा, गुणाकार करत बसलं की पाणी पण महाग वाटतं. व्हेजबद्दल एक लक्षात ठेवा, तिथे नुसतं व्हेज म्हटलं तर भाज्याच येतात पण त्यात फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस बिनधास्त असतो. "जे" म्हणायचं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, त्यात मांस-मासे-अंडं काहीच नाही, कांदा-लसूण पण नाही. आईंना हे ऐकून इतका आनंद झाला की चातुर्मासातच यायला हवं होतं म्हणाल्या. तरी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा बॅगेत होताच.

आणि भरती-ओहोटी. ही गोष्ट एजंट सांगत नाहीत आणि सगळी ट्रिप त्यावर असते. त्या बेटांच्या पोटात पोकळ्या आहेत, गुहेचं छप्पर कोसळून वरून मोकळ्या झालेल्या, आणि आत जायला समुद्राच्या पातळीवरचा बोगदा. पाणी फार चढलं तर बोगदा बुडतो, फार उतरलं तर कयाक चिखलात रुतते, मधल्या वेळातच आत जाता येतं. म्हणून बेटांचा क्रम रोज बदलतो, काल ज्यांना सकाळी गुहा दाखवली त्यांच्यासारखंच आपल्याला मिळेल असं नाही. बाबांनी कालनिर्णय काढलं, आमचा दिवस अष्टमीच्या जवळ येत होता, म्हणजे भांगाची भरती, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं पाणी वर-खाली नाही होणार. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिकडे लागत नाही, तिथला टाइड टेबल नेटवर बघावा लागतो, पण उधाण की भांग हे चंद्रावरच असतं ना, ते कालनिर्णयात पण कळतं. मला हे आधी माहीत नव्हतं, नाशिककरांना गोदेचा पूर कळतो, भरती कुठे कळते.

सकाळी व्हॅन आली, पूर्व किनाऱ्यावरच्या आओ पो च्या जेट्टीवर नेलं. तिथे हाताला रंगीत पट्टी बांधतात आणि न विचारता सगळ्यांचा फोटो काढतात, त्याचं पुढे सांगते. निघायच्या तासभर आधी मोठ्यांनी बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिनची गोळी घेतली होती, पोरांचा डोस आमच्या डॉक्टरांना विचारून. झोप येते त्याने, बाबा पहिला अर्धा तास डुलक्या काढत होते. सनस्क्रीनचं पण बघून जा, थायलंडच्या समुद्री नॅशनल पार्कात प्रवाळाला घातक अशी काही केमिकल्स असलेली सनस्क्रीन 2021 पासून बॅन आहेत, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही त्यातली मुख्य, दंड एक लाख बाटपर्यंत. माझ्या नेहमीच्या ट्यूबवर ऑक्टिनोक्सेट निघालं, ती घरीच ठेवली आणि सगळ्यांना फुल बाह्या.

पहिलं पनाक बेट. बोटीच्या मागच्या बाजूने रबरी कयाकमधे उतरवतात, मागे वल्हवणारा माणूस, पुढे आपण दोघं पाय पसरून. आईंना दोन जणांनी धरून बसवलं, "अगं मी उलटी झाले तर?" म्हणत म्हणत बसल्या पण. बोगद्यात पूर्ण अंधार, वल्हवणाऱ्याचा टॉर्च, वर वटवाघळं आणि त्यांचा तो वास, आमच्या पांडवलेण्यांच्या बंद कोपऱ्यात येतो तसाच, फक्त दसपट. मग तो म्हणतो झोपा, आणि खरंच आडवं व्हावं लागतं, छप्पर नाकाच्या वर वीतभर. हात बाहेर काढायचा नाही, दगडाला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. मुलगी गप्प, मुलगा मोठमोठ्याने हनुमान चालिसा.

आणि मग एकदम उजेड. चारही बाजूंनी सरळ कडे, वर आकाशाचा गोल, मधे खारफुटी, चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतायत. आई रत्नागिरीकडच्या, निवटी ओळखली लगेच, "ही तर आमच्या खाडीत!" मागून बाबांचा तास सुरू झाला, की आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा चुनखडीचा, त्याच्या कितीतरी आधीचा, पंचवीस कोटी वर्षांच्याही पलीकडचा, समुद्रातल्या जीवांच्या शिंपल्या-सांगाड्यांपासून बनलेला. आपला लाव्हाचा दगड, बेसॉल्ट, पावसात विरघळत नाही, चुनखडी विरघळते, म्हणून आतून पोकळ. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा ही बेटं नव्हती, साधे डोंगर होते, बर्फ वितळून पाणी चढलं आणि फक्त वरचे भाग उरले. वल्हवणाऱ्याला मराठी कळत नव्हतं पण तो मान हलवत होता. नवऱ्याचं फुगणं इथेच संपलं, वीस मिनिटं शांत बसायला मिळालं ते बिग बोटवाल्यांना वेळ असतो म्हणून, स्पीडबोटवाले आले, सेल्फी काढले, गेले.

जेम्स बाँड आयलंडबद्दल खरं सांगू का, गर्दी. 1974 च्या बाँडपटात दिसला म्हणून प्रसिद्ध झालेला तो सुळका, को तापू, वीसेक मीटर उंच, वर जाड आणि पाण्यालगत बारीक, कारण लाटा खालून कुरतडतात. त्याच्याजवळ बोटी नेत नाहीत, झिजतो म्हणून, आपण समोरच्या बेटावरून बघायचा. तिथे शिंपल्यांच्या माळांची दुकानं आणि फोटोची लाइन. आई उतरल्याच नाहीत, बोटीवर चहा पीत बसल्या, त्यांचं काही चुकलं नाही.

को पानयीला आमची बोट थांबत नव्हती, लांबून दाखवलं. पाण्यावर खांबांवर उभं केलेलं मुस्लिम कोळ्यांचं अख्खं गाव, मधे सोनेरी घुमटाची मशीद. तिथल्या पोरांनी 1986 चा फुटबॉल वर्ल्ड कप टीव्हीवर बघून खेळायला जमीनच नाही म्हणून जुन्या फळ्या ठोकून पाण्यावर मैदान केलं, हे ऐकून माझा मुलगा परत परत विचारत होता की बॉल पाण्यात गेला तर? तर पोहून आणायचा, दुसरं काय. तिथे जेवण असलेल्या ट्रिपा पण मिळतात, मला पुढच्या वेळी ती घ्यायला आवडेल.

आमचं जेवण बोटीवरच, भात, टोफू, परतलेल्या भाज्या, अननस. आईंनी भातावर शेंगदाण्याची चटणी घातली, शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईने चव बघायला मागितली आणि नंतर परत मागितली.

संध्याकाळी जेट्टीवर उतरलो तर सकाळचे फोटो प्लेटवर चिकटवून टेबलावर मांडलेले. एकाचे दोनशे बाट. मी आणि नवरा पुढे गेलो, मागे बघतो तर आई विक्रेत्या बाईच्या कॅल्क्युलेटरवर शंभरचा आकडा टाईप करून दाखवतायत, ती दीडशे करतेय, या परत शंभर, दोघी हसतायत. एकशे वीसला तुटलं. बाबांचे फोटोत डोळे मिटलेले आहेत, तरी प्लेट शोकेसमधे पुढे.