टेबलटॉप ट्रायपॉड: किलोचा आकडा सोडा, पायांमधलं अंतर मोजा

टेबलटॉप ट्रायपॉडच्या, म्हणजे टेबलावर ठेवायच्या वीतभर तिपाईच्या, खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते वजन. ३ किलो, ५ किलो, क्वचित १० किलो. पण पाय किती वजन पेलतात हा एक प्रश्न आणि तिरका धरलेला कॅमेरा बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा वरचा गोळा) किती पेलतं हा दुसरा. खोक्यावरचा आकडा यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. कंपन्या तो सारख्या पद्धतीने काढतही नाहीत. म्हणून आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कॅमेरा ठेवा, तोही बॅटरी, लेन्स, तळाला लागणारी प्लेट आणि वर माइक लावत असाल तर त्याच्यासकट. येईल त्याच्या दुप्पट ते तिप्पट क्षमतेचा ट्रायपॉड बघायला लागा.

क्रॉप (लहान) सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, आणि सोबत मिळणारी किट लेन्स मिळून साधारण अर्धा किलो भरतात. त्यांना मॅनफ्रोटो कंपनीचा पिक्सी ट्रायपॉड चालतो, त्याची क्षमता १ किलो आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर २४-७० एफ २.८ ही जड झूम लेन्स चढवली की दीड किलोच्या आसपास जातं. तिथे २.५ किलोवाला पिक्सी इव्हो कागदावर बसतो, पण मी त्याला तेवढं ओझं नेहमीसाठी देणार नाही. फोनचं म्हणाल तर दोनशे ग्रॅमला कुठलाही चालतो. तिथे दगा देतो तो फोन धरणारा चिमटा.

आता मुख्य मुद्दा. ट्रायपॉड मोडून पडत नाही, कलंडून पडतो. तो कधी कलंडेल हे घरी पाच मिनिटांत मोजता येतं. जुन्या वर्तमानपत्रावर ट्रायपॉड पूर्ण उघडून ठेवा, तिन्ही पायांच्या टोकांशी पेनाने खुणा करा आणि त्या रेषांनी जोडा. त्रिकोणाच्या मध्यापासून पायाच्या टोकापर्यंतचं अंतर समजा १० सेंटिमीटर आलं, तर मध्यापासून दोन पायांमधल्या रेषेपर्यंतचं अंतर भरेल फक्त ५. बरोबर निम्मं. कॅमेरा कलंडतो तो याच रेषेवरून.

दुसरं माप कॅमेऱ्याचं. लेन्स लावलेला कॅमेरा उभ्या धरलेल्या जाड पट्टीच्या कडेवर आडवा तोलून बघा. खाली उशी असू द्या आणि पट्टा मनगटात अडकवा. जिथे तोल साधतो तिथपासून तळाच्या स्क्रूच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा. जड झूम लेन्स असेल तर तोल भोकाच्या ४-५ सेंटिमीटर पुढे जाऊ शकतो. म्हणजे वरच्या ट्रायपॉडवर लेन्स दोन पायांच्या मधून पुढे काढली, तर कॅमेरा अगदी काठावर उभा आहे. थोडा खाली झुकवला, की वाटीभर खिरीत लेन्स! तोच कॅमेरा एक पाय बरोबर लेन्सखाली येईल असा फिरवला की हाताशी दुप्पट जागा येते. हे फुकट आहे आणि तरीही निम्मे लोक करत नाहीत.

उभी फ्रेम घ्यायची तर बॉल हेडच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडावा लागतो आणि सगळं वजन एका बाजूला लटकतं. अशा वेळी एक पाय त्या बाजूला घ्या. उभ्या फ्रेम नेहमीच्या असतील तर ३८ मिलिमीटरच्या आर्का प्लेटचं (खाचेत सरकवून आवळायच्या पट्टीचं) हेड आणि कॅमेऱ्याला एल-प्लेट, म्हणजे तळाला आणि बाजूलाही बसणारी काटकोनी पट्टी, हा खर्च ट्रायपॉडच्या खर्चाइतकाच कामाचा.

दुकानात तपासायच्या गोष्टी दोनच, पण नीट तपासा. पहिली पायांची. ट्रायपॉड वजनकाट्यावर किंवा काचेच्या काउंटरवर उघडा आणि वरून तळव्याने सरळ दाबा, ३-४ किलो तरी. पायांना धातूचा अडसर असेल तर ते जागच्या जागी राहतील. नुसत्या घर्षणावर थांबणारे पाय हळूहळू पसरत जातात, आणि गुळगुळीत कडाप्प्यावर तर फारच लवकर. दुसरी बॉलची. कॅमेरा ४५ अंशांत खाली झुकवा, नॉब घट्ट करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात) ग्रिडच्या रेषा लावून फरशीचा सांधा ग्रिडच्या रेषेवर आणा आणि हात सोडा. हात सोडताच थोडा खाली बसणं बहुतेक छोट्या हेडना असतंच, त्यासाठी फ्रेम किंचित वर धरून लॉक करायची सवय लावावी. पण पाच मिनिटांनंतरही रेषा सरकत असेल तर ते हेड घेऊ नका. त्यातून बॉल जेवढा मोठा, तेवढी पकड जास्त. सुपारीएवढ्या बॉलवर दीड किलो तिरकं थांबेल ही आशा धरू नये.

हेड बदलता येणारा ट्रायपॉड घेतला तर पुढे सोपं जातं. फक्त स्क्रू बघा. कॅमेऱ्याला लागतो तो १/४ इंची, मोठ्या हेडना बहुधा ३/८ इंची. ही दोन मापं जुळवणारं मधलं पितळी बुशिंग दहा-वीस रुपयांच्या वस्तूसारखं दिसतं आणि नेमकं तेच ढिलं होऊन कॅमेरा गोल फिरतो. ते नीट घट्ट करा, फारच त्रास देत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रावाचा) एक थेंब.

वाकणाऱ्या सांध्यांचे गोरिलापॉडसारखे पाय रेलिंगला, फांदीला गुंडाळायला उत्तम. टेबलावर मात्र जड कॅमेरा त्यांच्यावर मान डोलावतो, आणि वापराने सांधे सैलावतात. मधला दांडा वर निघणारे मॉडेलही मी टाळतो. दांडा जेवढा वर, तेवढं डुगडुगणं. उंची कमी पडत असेल तर खाली पाट ठेवा. ताटाचा अगदी वरून फोटो हवा असेल तर हे साधनच ते नाही, त्याला आडव्या दांड्याचा स्टँड लागतो.

एवढं करूनही फोटो हलतात, कारण खालचं टेबल हलतं. प्लास्टिकचं टेबल, चालू फ्रिजचा माथा, पंख्याखाली डुलणारी टीपॉय यांवर कुठलाही ट्रायपॉड व्यर्थ. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून टेबलाला टिचकी मारा आणि चित्र थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन सेकंदांत थांबत नसेल तर २ सेकंदांचा टायमर पुरणार नाही, १० चा लावा. शटरच्या वेगाचा १/६० ते १/२ सेकंद हा पट्टा सगळ्यात त्रासाचा. त्यात डीएसएलआरचा आरसा आधी वर करून ठेवा, मिररलेसमध्ये शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवा, आणि स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद करायचं का ते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघा. टेबलच नसेल तर तिन्ही पाय भिंतीला किंवा खांबाला टेकवून हाताने दाबून धरा, हीसुद्धा चांगली पकड आहे. मात्र पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत स्टँड लावायला आधी परवानगी लागते आणि वीतभर असला तरी स्टँड तो स्टँडच.

आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, मऊ रबराचा मुलामा दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होऊ शकतो. पायांची टोकं रबराची हवीत, बाकी उघडा धातू बरा. समुद्रावरून आणल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, पुसून उघडेच वाळत ठेवा. बॉल करकरायला लागला म्हणून त्यात शिलाई मशीनचं तेल घालू नका. तेलाने करकर थांबते आणि पकडही जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने बॉल पुसा. तेल आधीच घातलं असेल तरी उपाय हाच, फक्त फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहावं लागतं.