तबल्याविना चौघं

मी व्हायोलिन शिकलो दादरला, मांडी घालून. वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, तारा सा-प-सा-प लावायच्या आणि शेजारी तबला असणार हे धरूनच चालायचं. गेल्या वर्षी इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमॉंटला ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या क्वार्टेटला दुसरं व्हायोलिन हवंय." मी हो म्हणालो ते निव्वळ अज्ञानापोटी.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचं जरा थोरलं, खालच्या सुराचं भावंड), एक चेलो (त्याहून मोठा, गुडघ्यांत धरून वाजवायचा). तबला नाही, तानपुरा नाही, समोर हात हलवणारा कंडक्टरही नाही.

क्रोनॉस क्वार्टेट हे नाव मला आशाताईंमुळे ठाऊक होतं. २००५ साली त्यांनी या मंडळींबरोबर आर. डी. बर्मनची गाणी नव्याने गायली, तबल्याला झाकीर हुसेन. क्रोनॉस इथलेच, सॅन फ्रान्सिस्कोचे. एका उपक्रमात त्यांनी ५० नव्या रचना लिहून घेतल्या, निम्म्या स्त्रियांकडून, आणि त्यांची स्वरलिपी कुणालाही फुकट मिळते. फुकट म्हटल्यावर आमचं ठरलंच. निवडली अमेरिकन गायिका-संगीतकार रिआनन गिडन्स यांची रचना. तिच्यामागे गुलामगिरीच्या काळातली एक जाहिरात आहे: एक तरुण बाई विकणे आहे, तिला नऊ महिन्यांचं मूल आहे, ते बरोबर घ्यायचं की नाही ही खरेदीदाराची मर्जी. त्या 'मर्जी'वरूनच रचनेचं नाव. हे समजल्यावर दोन दिवस मी कागद उघडला नाही.

पहिल्या तालमीत आम्ही बाराव्या मात्रेलाच कोसळलो. कारण मी. सुरावर थेट जायची मला सवयच नाही, मी मींड घेत पोचतो. व्हायोला वाजवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेत संगीत शिकवलेल्या. म्हणाल्या, "तुमचा सूर सुंदर आहे, पण तो यायच्या आत आम्ही पुढे गेलेले असतो." नोटेशनवर मी पेन्सिलीने सरगम लिहून काढली. दोन पानांनी माझा 'सा' कुठे गेला तेच कळेना, मग खोडरबर घेऊन बसलो. खुर्चीत बसून हनुवटीखाली वाद्य धरायचं म्हणजे मान आखडते ती वेगळीच.

खरा घोळ तालाचा होता. मी कान लावून समेची वाट बघायचो आणि सम कुणी देतच नव्हतं. शेवटी बाईंनी आम्हाला एकमेकांकडे पाठ करून बसवलं. फक्त श्वास ऐकायचा. सुरू करणारा नाकाने श्वास घेतो, त्याच श्वासात लय असते. तीन रविवार आम्ही पहिल्या आठ ओळींपलीकडे गेलो नाही. चौथ्या रविवारी फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर मी पहिल्यांदाच वेळेवर होतो.

मधल्या सुट्टीत बाई क्रोनॉसच्या गोष्टी सांगत. १९७३ साली सिएटलमध्ये डेव्हिड हॅरिंग्टन यांनी रेडिओवर जॉर्ज क्रम यांची व्हिएतनाम युद्धाच्या सावलीतली रचना ऐकली आणि ती वाजवायची म्हणून चौकडी जमवली. पहिली नवी रचना लिहून घेतली ती केन बेन्शूफ यांच्याकडून, मानधन एक पिशवी डोनट्स. (तेव्हापासून आमच्याही तालमीला डोनट्स.) १९७८ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत आले आणि हॅरिंग्टन, जॉन शेर्बा, हँक डट, जोन जानरेनो हे चौघे १९९९ पर्यंत एकत्र टिकले. एकवीस वर्षं! आमच्या गणेशमंडळाची कमिटी दोन वर्षं टिकत नाही. ग्रॅमी मिळालं २००४ मध्ये, स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार २०११ मध्ये. मला त्या पारितोषिकांपेक्षा हजारावर नव्या रचना लिहून घेण्याचा हट्ट मोठा वाटतो. चेलोवर जानरेनोंनंतर बरेच जण आले. २०२४ मध्ये शेर्बा आणि डटही निवृत्त झाले. हॅरिंग्टन अजून आहेत.

सहा महिन्यांनी वाचनालयाच्या खोलीत आम्ही वाजवलं. श्रोते एकोणीस, त्यातले सहा घरचे. मधेच माझ्या ए तारेची खुंटी सरकली, थांबावं लागलं. पुन्हा तीच जागा धरताना श्वास मी दिला आणि तिघं बरोबर आत आले. त्या जाहिरातीबद्दल आम्ही आधीच सांगितलं होतं, त्यामुळे संपल्यावर टाळ्या जरा उशिराने आल्या.

आता चेलोवाला नोकरीसाठी पोर्टलंडला चाललाय. बाईंनी दोघांना फोन केलेत. एकाला रविवार जमत नाही, दुसरा म्हणतो आधी डोनट्स कुठले ते सांगा.