माहुलीच्या समाध्या आणि सिमेंटचा गिलावा

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, साताऱ्याच्या पूर्वेला, छत्रपती घराण्याची दहनभूमी आहे. 15 डिसेंबर 1749 ला थोरले शाहू महाराज गेले, त्यांची समाधी इथलीच. 1761 मध्ये निवर्तलेल्या महाराणी ताराबाईंचीही इथेच. शाहूंचा लाडका कुत्रा खंड्या, त्याचंही स्मारक आहे. जनावराचा इतका मान किती ठिकाणी ठेवला गेला असेल?

बरीचशी बांधकामं काळ्या पाषाणाची, चुन्यात बसवलेली, आणि नदीकाठची. पुराचं पाणी चढतं, उतरताना गाळ ठेवून जातं. गाळ ओला असतानाच लाकडी फावड्यानं ओढावा, मग साधं पाणी आणि मऊ कुंचला. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट अजिबात नको.

खरं नुकसान सिमेंटनं होतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं. मग क्षार दगडाच्या कडेशी साचतात आणि पापुद्रे सुटतात. सांधा भरायचाच तर भिजवून मुरवलेला चुना 1 भाग, चाळलेली वाळू 2 ते 3 भाग. वर ओलं गोणपाट किमान आठवडाभर, नाहीतर चुना भुगा होतो.

सांध्यात उगवलेला पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर चिरा हलतो. बुंध्याशी कापा, फुटवा आला की पुन्हा कापा. चुना असो की कुऱ्हाड, हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा.